गॉब्लिन मारला तर ५० गुण, सोडला तर?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या बोलत, सोंगं घेत खेळायच्या कथाखेळाचा २०१४चा स्टार्टर सेट, म्हणजे नवख्यांसाठीचा खोका. खोक्यात ३२ पानांचं नियमांचं पुस्तक, ६४ पानांची 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' नावाची साहसकथा, पाच तयार पात्रांच्या शीट आणि सहा फासे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने डीएम (डन्जन मास्टर) व्हायचं, म्हणजे गोष्ट पुढे न्यायची आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाचं सोंग आणायचं. बाकीच्यांनी आपापलं एक पात्र चालवायचं. आमच्यात डीएमपद माझ्या गळ्यात पडलं, कारण बलकांव, म्हणजे बसायची ओसरी, आमच्याच घराला आहे आणि शनिवारी फार्मसी लवकर बंद होते. म्हापशाच्या पावसात संध्याकाळी दुसरं करायचं तरी काय?

नियमांची धास्ती घेऊ नका. वीस बाजूंचा फासा टाका, शीटवरचा आकडा त्यात मिळवा, समोरच्याच्या आकड्याला गाठलं की जमलं. अकरावीतल्या माझ्या भाचीला चहा उकळेपर्यंत कळलं. कथाही चांगली रचली आहे. पहिल्या पातळीपासून पाचव्यापर्यंत नेते, आणि नवख्या डीएमचं बोट सोडत नाही. खोका घ्यावा का, याचं उत्तर 'घ्यावा' असंच आहे. पुढचं सगळं त्यातल्या गॉब्लिनांबद्दल, म्हणजे बुटक्या, लुटारू राक्षसी जमातीबद्दल.

सुरुवातीलाच रस्त्यात दोन मेलेले घोडे दिसतात आणि झाडीतून चार गॉब्लिन चालून येतात. जिवावर उठलेल्याला उलट मारलं तर कोणाची तक्रार असायचं कारण नाही. पण तिघं पडले की चौथा पळ काढतो, असं पुस्तकातच लिहिलं आहे, आणि तिथे आमच्या टेबलावर जुंपली. कळंगुटच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला असलेला आमचा मित्र म्हणाला, पाठीत बाण घाल. भाची त्याला म्हणाली, मामा, तो पळतोय ना! हा मामा म्हणाला, पळतोय तो आणखी दहा जणांना घेऊन यायला.

दोघांचंही खरं होतं. फक्त हिशेब मामाच्या बाजूने मांडलेला आहे. एक गॉब्लिन म्हणजे सात हिट पॉइंट (इतका मार बसला की तो पडतो) आणि मारणाऱ्यांना अनुभवाचे ५० गुण. दुसऱ्या पातळीवर जायला लागतात ३००. म्हणजे माणशी सहा गॉब्लिन. मग जंगलात शिरणारा तो चौथा घाबरलेला जीव राहत नाही, हातचे ५० गुण निसटताना दिसतात. शिवाय गॉब्लिनच्या माहितीच्या चौकटीत वरच्याच ओळीला त्याचा स्वभाव छापून ठेवलाय: 'न्यूट्रल ईव्हिल', म्हणजे दुष्टच. ऑर्क या दुसऱ्या, दांडग्या राक्षसी जमातीच्या चौकटीत 'केऑटिक ईव्हिल', म्हणजे बेबंद दुष्ट. एकट्यादुकट्याचा नव्हे, अख्ख्या जमातीचा स्वभाव, छापखान्यातून ठरून आलेला. त्याच वर्षी निघालेल्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या राक्षसांच्या पुस्तकामध्ये खुलासा आहे की हा स्वभाव धरून चालायचा, डीएमला हवा तर बदलावा. पण ते पुस्तक वेगळं विकत घ्यावं लागतं.

आणि तरी या खोक्यातला सगळ्यात झकास प्रसंग एका गॉब्लिनचाच आहे. गुहेत येमिक नावाचा दुय्यम म्होरक्या कैद केलेल्या सिल्डर या माणसाला कड्याच्या टोकाशी ओढत आणतो आणि सौदा घालतो: आमच्या क्लार्गला मारा, म्हणजे मी याला सोडतो. क्लार्ग हा बगबेअर, म्हणजे गॉब्लिनांचा धिप्पाड, केसाळ भाऊबंद, आणि येमिकचा साहेब. मी येमिकला मुद्दाम कोंकणी दिली. "आयक मरे, म्हाका मारून तुका कितें मेळटलें?" टेबल हसलं, आणि हसल्यावर घासाघीस सुरू झाली. मोडक्यातोडक्या हिंदीत बोलवला असता तर तो दुसऱ्या फेरीलाच मेला असता, याची मला खात्री आहे. बांधकामावर तशी हिंदी बोलणाऱ्या मजुरांबद्दल "ही जातच तसली" हे मी फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहून इतक्यांदा ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या लोकांकडून. डीएमने कोणाला कुठली बोली द्यायची, हे त्याच्या हातातल्या फाशांपेक्षा भारी शस्त्र आहे, आणि त्याबद्दल नियमांत अवाक्षर नाही.

आता पुस्तकाची खोडी अशी, की क्लार्गला मारून आलात तरी येमिक शब्द पाळत नाही, वर खंडणी मागतो. बोलण्याचं दार उघडायचं आणि उंबऱ्यावर काटा पेरायचा. आमचा मित्र लगेच म्हणाला, बघ, सांगितलं नव्हतं? पण साहेबाचा काटा परक्याकडून काढून घेणारा आणि मग भाव वाढवणारा माणूस त्याने हॉटेलात पाहिला नाही असं थोडंच आहे? येमिक लबाड आहे. ती लबाडी त्याची स्वतःची, गॉब्लिनपणाची नव्हे. पुढे ड्रूप नावाचा आणखी एक गॉब्लिन भेटतो, बगबेअरांचा मार खाऊन दबलेला, भित्रा, बिनकामाचा. आमच्या टेबलाने त्याला जे दत्तक घेतलं ते अजून सोडलेलं नाही. त्याला भजीसुद्धा काढून ठेवतात.

माझा खरा आक्षेप यापुढचा आहे. फँडालिन गावात रेडब्रँड नावाच्या गुंडांनी उच्छाद मांडलाय. माणसंच ती. एका सुताराचा खून करून त्यांनी त्याच्या बायकापोरांना पळवलंय. या टोळीचा म्होरक्या निघतो एक मानवी जादूगार, आणि त्याला धरून नेव्हरविंटर या शहराला न्यायासाठी पाठवावं अशी सिल्डरची इच्छा असते. त्याच गावात नगरप्रमुखाची पाटी आहे: वायव्हर्न टॉर या टेकडीवरच्या ऑर्कांचा बंदोबस्त करा, शंभर सुवर्णमुद्रा मिळतील. ऑर्कांना खटला नाही. त्यांच्यातल्या कोणाला नेव्हरविंटरला पाठवावं, असं कोणाच्या मनातही येत नाही. ते प्रवाशांना लुटतात हे कबूल, पण रेडब्रँड तरी दुसरं काय करत होते? ज्याने हे लिहिलं त्याला यात काही खटकलं असेल असं वाटत नाही. टेबलावरही भाचीखेरीज कोणाला खटकलं नाही.

मित्राची बाजूही मांडते, कारण ती हलकी नाही. तो म्हणतो, दिवसभर गिऱ्हाइकाने तोंडावर फाइल फेकली तरी मी हसतो. आठवड्यातून एकदा कुऱ्हाड चालवायची, तीही कागदावर, तर तिथेही गॉब्लिनची विचारपूस करायला लावू नका. आणि मारायला मोकळे असे शत्रू हवेतच. त्यासाठी कथेत सांगाडे आहेत, झोंबी आहेत. मेलेल्याला पुन्हा मारण्यात पाप कसलं? गल्लत होते ती बोलणाऱ्या, घाबरणाऱ्या, भाव करणाऱ्या जीवाला झोंबीच्या रांगेत उभं केल्यावर.

आपल्याकडे हा प्रश्न काही नवा नाही. तक्षकाने परीक्षिताला मारलं आणि जनमेजयाने सर्पसत्र मांडलं. गुन्हा एकाचा, आगीत पडत होती सगळी कुळं. 'इंद्राय स्वाहा, तक्षकाय स्वाहा' आपण आता विनोदाने म्हणतो. ते सत्र थांबवलं आस्तिकाने, ज्याची आई नागकन्या होती. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या पुतळ्यापाशी मंडळाबरोबर जागणाऱ्या माझ्या भाच्यालाही हे सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, आम्ही नरकासुर जाळतो तो एकच, त्याचा वाडा नाही जाळत.

खेळ बनवणाऱ्यांनाही हे उशिरा का होईना उमगलेलं दिसतं. १९७९च्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' या साहसकथेमध्ये कोबोल्ड नावाच्या छोट्या राक्षसांच्या गुहेत माद्या आणि न लढणारी पिल्लंसुद्धा मोजून दिली होती. त्या पिल्लांचं काय करायचं, यावर जगभरची टेबलं तेव्हापासून भांडताहेत. २०२०मध्ये खेळ काढणाऱ्या कंपनीने ऑर्क आणि ड्राऊ (काळ्या एल्फांची जमात) यांना सरसकट दुष्ट न दाखवण्याचं जाहीर केलं. २०२४च्या खेळाडूंच्या पुस्तकात ऑर्क हे खेळाडूने स्वतःसाठी निवडायचं पात्र झालंय. हा खोका त्या आधीचा, त्यामुळे दुरुस्ती आपल्या हातानेच करावी लागते.

मी दोन गोष्टी केल्या. बोलून, घाबरवून किंवा चकवून प्रसंग निभावला तरी मारण्याइतकेच गुण. आणि जवळच्या हत्याराने शेवटचा घाव घालताना 'ठार की बेशुद्ध' हे खेळाडूने तोंडाने सांगायचं. बेशुद्ध करण्याची मुभा खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत आहेच, लोक फक्त विसरतात. विचारलं की आमचा कुऱ्हाडवालाही हल्ली घटकाभर थांबतो. कधीकधी 'ठार' म्हणतो, पण थांबतो. कैद्यांना कुठे ठेवायचं, खायला कोण घालणार, यावर मात्र आमचा एक अख्खा शनिवार गेला. ज्यांना असल्या चर्चेचा कंटाळा आहे त्यांनी सरळ सांगाड्यांची दुसरी कथा शोधावी. ऑर्कांचा तळ येत्या शनिवारी आहे. तिथे मी पुस्तकात नसलेली एक म्हातारी ऑर्क बसवली आहे, तिला खटला हवाय.

घेण्याआधी: २०२२ साली या खोक्याची जागा नव्या स्टार्टर सेटने घेतली, त्यामुळे जुना शोधावा लागेल. हीच कथा वाढवून २०२३मध्ये मोठं पुस्तकही निघालंय, पण ते नवख्या डीएमला जड जाईल. अमेरिकेतली मूळ किंमत २० डॉलरला एक सेंट कमी होती, इथे येईपर्यंत ती बरीच फुगते. शीटच्या झेरॉक्स आधीच काढून ठेवा. सहा फाशांत पाच जणांचं भागत नाही, आणखी एक संच घ्याच. आमचा वीस बाजूंचा फासा बलकांवातून खाली जास्वंदीत गेला तो अजून सापडलेला नाही.