बेबी फूड मेकर, आठ महिन्यांनंतर: सगळं भांडण एका रिंगवरून

लेकीला सहा महिने पूर्ण झाल्या झाल्या घेतला, ४,९९९ ला. खाली पाणी, वर फळाला वाफ, मग तोच जार उलटा करून मिक्सरसारखं फिरवायचं, हे सगळ्यांना माहितीये, ते परत लिहीत नाही. मला लिहायचंय ते रिंगबद्दल.

झाकणाच्या आत सिलिकॉनची रिंग असते, बांगडीएवढी. दोन महिने झक्कास चाललं, सफरचंदाची सालं काढून फोडी वाफवायच्या आणि खाली साठलेलं पाणी दोन चमचे घालून फिरवायचं, ना साखर ना मीठ, आणि वर्षाच्या आत मध तर अजिबातच नाही (घरी येणाऱ्या प्रत्येक आत्याबाईंना हे सांगून तोंड दुखलं). प्युरी एकदम लोण्यासारखी. मग एक दिवस सासूबाईंनी त्यात लसणाची चटणी फिरवली. संपलं. जार धुतला, ब्लेड घासलं, तरी दुसऱ्या दिवशी पेअरला असा लसणाचा वास की पोरीने पहिलाच घास फुर्रर्र करून माझ्या चष्म्यावर उडवला. व्हिनेगर झालं, सोडा झाला, ऊन झालं, रिंग काही वास सोडेना.

नवीन मागितली तर सर्व्हिस सेंटरवाला म्हणे रिंग सुटी येत नाही, अख्खा जार घ्या, १,६५०. अरे कुकरची रिंग कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याकडे मिळते! तिसऱ्या फोनला ऐकवलं, "मॅडम, लसूण वॉरंटीत येत नाही." एक स्टार तेव्हाच ठरला होता.

पण वैतागून जारमध्ये फिरवणं बंद केलं आणि मशीन फक्त वाफवायला ठेवलं, वाफवलेलं फळ पुरणयंत्रातून काढायला लागले. आणि खरं सांगू, तेच बरं झालं. तोवर लेक नऊ महिन्यांची, डॉक्टर दर खेपेला म्हणत होते आता जरा भरड द्या, आणि आमची राणी त्या लोण्याला इतकी सोकावलेली की जरा कण लागला की उबळ. पुरणयंत्राच्या मोठ्या भोकांच्या जाळीने पंधरा दिवसांत सुधारली. केळं, पपई, पिकलेला चिकू यांना तर काट्याने कुस्करलं की झालं, वाफ कशाला (चिकूची बी मात्र नीट काढा, तिच्या टोकाला आकडा असतो, घशात अडकायचा). म्हणजे पाच हजार रुपये घातले ते सफरचंद आणि पेअरसाठी, हे आता कळतंय.

आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे तळाच्या प्लेटवर पांढरा थर धरतो, महिन्यातून एकदा व्हिनेगर-पाणी घालून ठेवावं लागतं. बाकी मोटर, बटणं ठणठणीत. म्हणून दोन स्टार वाढवून तीन.

रिंग अजून गॅलरीत दोरीला चिमट्याने लटकतेय. काल हुंगून पाहिली. आहे अजून.