पुण्याहून मेलबर्नला बिऱ्हाड नेताना: बॅगा, एअर कार्गो की बोट?

ऑस्ट्रेलियाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, आला, तिकिटं झाली, की घरात एकच विषय उरतो: या सगळ्या सामानाचं करायचं काय? मूव्हर्सवाले घरी येऊन सर्व्हे करतात, अर्ध्या तासात आकडा सांगतात, आणि दुसऱ्याचा आकडा त्याच्या निम्मा निघाला की डोकं चक्रावतं. बहुतेक वेळा दोघे एकाच कामाचे पैसे सांगत नसतात.

इथे पुण्यातला टू-बीएचके धरतो. नवरा-बायको, दोन मुलं, मेलबर्नला सुरुवातीला भाड्याचं घर, खर्च स्वतःच्या खिशातून. कंपनी पैसे देत असेल तर फार विचार करू नका, कंटेनर मागा.

हवेत वजन, पाण्यात जागा

सगळी तुलना या एका फरकावर उभी आहे. बोटीवर दर घनमीटरला लागतो, धंद्यातले लोक त्याला सीबीएम म्हणतात. एका सीबीएममागे टनभर वजनापर्यंत कोणी काही विचारत नाही. विमानात एक घनमीटर म्हणजे किमान १६७ किलो धरतात आणि प्रत्यक्ष वजन त्याहून जास्त भरलं तर त्याचे पैसे घेतात. कुरिअरवाले घनमीटरला २०० किलो लावतात.

१८ × १८ × २४ इंचांचे साधारण आठ कार्टन म्हणजे एक घनमीटर. त्यात उशा-रजया भरल्या तर वजन शंभर किलोही होणार नाही, विमानात पैसे मात्र १६७ किलोचे. तेवढ्याच जागेत पुस्तकं बसवली तर पाचशे किलोच्या पुढे जातात. विमानात ती परवडणारच नाहीत, बोटीवर मात्र तोच एक सीबीएम. म्हणून दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि पितळेची भांडी बोटीने, कपडे बॅगेत. रजया कोणाला तरी देऊन टाकाव्यात. पुस्तकं लहान कार्टनमध्येच भरा, मोठं खोकं हमालाला उचलत नाही आणि तळ फाटतो.

जादा बॅगा

तिकिटाच्या प्रकारानुसार चौघांचं मिळून शंभर ते पावणेदोनशे किलो सामान तसंही जातं. त्याहून जादा बॅगा आधी ऑनलाइन घेतल्या तर काउंटरपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात. एक बॅग ३२ किलोंच्या वर सहसा कोणी घेत नाही. सामान तुमच्याबरोबर उतरतं, वेगळं क्लिअरन्स नाही, एजंट नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे लागणार ते सगळं इथेच बसवा: कुकर, मिक्सर, मुलांची पुस्तकं, थंडीचे कपडे. मेलबर्नलाही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे, त्यामुळे मिक्सर फक्त प्लग बदलून चालतो. (कॅनडा-अमेरिकेला जाणाऱ्यांनी हे वाक्य विसरावं, तिकडे १२० व्होल्ट.)

एअर कार्गो मला या घरासाठी पटत नाही. आठ-दहा दिवसांत पोचतो हे खरं, पण कस्टम्स आणि जैवसुरक्षेची (बाहेरची कीड देशात येऊ नये म्हणून होणारी) तपासणी बोटीच्या सामानासारखीच, आणि दर किलोवर. ज्याची घाई आहे ते बॅगेत मावतं. जे मावत नाही त्याला सहसा घाई नसते.

बोट: वाटणीचा कंटेनर की पूर्ण?

वाटणीचा म्हणजे एलसीएल. तुमचे दोन-तीन सीबीएम दुसऱ्यांच्या सामानाबरोबर न्हावा शेव्याहून निघतात, बऱ्याचदा कोलंबो, सिंगापूर किंवा पोर्ट क्लांगला बोट बदलतात. प्रवास चार-पाच आठवड्यांचा असला तरी कंटेनर भरेपर्यंतची वाट आणि तिकडचं क्लिअरन्स धरून दारापासून दारापर्यंत दोन-तीन महिने मनात ठेवा.

निम्म्या आकड्याचं गुपित इथे आहे. स्वस्त कोटेशन बहुधा मेलबर्न बंदरापर्यंतचं असतं. तिथले टर्मिनलचे पैसे, डेपोचे पैसे, डिलिव्हरी ऑर्डर, कस्टम्स एजंट, तपासणी फी, घरापर्यंतचा ट्रक हे सगळं नंतर, ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये येतं आणि लहान शिपमेंटला कधीकधी मूळ भाड्यापेक्षाही जड होतं. माल तेव्हा त्यांच्या गोदामात असतो आणि मोफत दिवस संपले की रोजचं भाडं सुरू, म्हणजे घासाघीस करायला जागाच नाही. त्यामुळे ‘घरापासून घरापर्यंत, तिकडचे सगळे चार्जेस धरून’ असं लेखी कोटेशन मिळाल्याशिवाय आकड्यांची तुलना करूच नका. किमान किती सीबीएमचे पैसे घेणार तेही विचारा. फिडी या मूव्हर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं फाइम हे दर्जाचं प्रमाणपत्र असलेला मूव्हर थोडा महाग पडतो, पण तिकडे त्याचा भागीदार कोण हे निदान आधी कळतं.

पूर्ण वीस फुटी कंटेनरमध्ये आत ३३ घनमीटर जागा, प्रत्यक्षात २५-२८ भरते. सामान एकदाच चढतं, सील लागतं, मधली हाताळणी वाचते. साधारण बारा-पंधरा सीबीएमच्या पुढे गेलात की हिशेब पूर्ण कंटेनरच्या बाजूने झुकायला लागतो. आमच्या टू-बीएचकेचं फर्निचर धरलं तर तिथे सहज पोचता येतं, आणि मोह इथेच होतो. पण गोदरेजचं कपाट एकटंच जवळजवळ एक घनमीटर खातं, आणि मेलबर्नच्या भाड्याच्या घरांत भिंतीतली कपाटं, शेगडी, ओव्हन बहुधा असतातच. पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन लागतं. ते फेसबुक मार्केटप्लेसवर, व्हिनीजसारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानात किंवा आयकियात मिळतं. लोक तर नगरपालिकेच्या ‘हार्ड रबिश’साठी, म्हणजे मोठं टाकाऊ सामान उचलायला येणाऱ्या गाडीसाठी, चांगले सोफे रस्त्यावर ठेवतात. प्लायवूडचं फर्निचर बोटीने नेणं म्हणजे प्लायवूडला परदेश प्रवास घडवणं.

नवं बॅगेत, जुनं खोक्यात

मागून येणाऱ्या सामानासाठी ऑस्ट्रेलियन कस्टम्सचा बी ५३४ हा फॉर्म भरावा लागतो. निघण्यापूर्वीचे पूर्ण बारा महिने स्वतःच्या मालकीचं आणि वापरातलं घरगुती सामान करमुक्त जातं. निघायच्या आधी तुळशीबागेतून आणलेले कोरे डबे-पातेली खोक्यात टाकलीत तर त्यावर ड्युटी आणि १० टक्के जीएसटी लागू शकतो. तेच बरोबरच्या बॅगेत नेलं तर मोठ्या माणसामागे ९०० आणि १८ वर्षांखालच्या मुलामागे ४५० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतची सवलत आहे.

आता तपासणी. ऑस्ट्रेलियाला खापरा भुंगेऱ्याची प्रचंड धास्ती आहे. साठवलेलं धान्य फस्त करणारा हा किडा भारतात आहे. त्यामुळे २०२० पासून तांदूळ, हरभरे, मूग, तूर, जिरे, धणे, बडीशेप, शेंगदाणे, सुकी मिरची असलं कोरडं सामान मागून येणाऱ्या घरगुती सामानात चालत नाही आणि बॅगेतही नाही. आईने मायेने दिलेली धण्या-जिऱ्याची पुडी एका खोक्यात सापडली तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात. मसाले तिथल्या भारतीय दुकानांतून घ्या.

लाकडाला बंदी नाही, पण साल, माती आणि भुंग्याची भोकं नकोत. पोळपाट, पाट, रवी, देव्हारा घासून, उन्हात वाळवून, एका खोक्यात एकत्र ठेवा, म्हणजे अधिकाऱ्याला एकच खोकं फोडावं लागेल. केरसुणी, वेताच्या टोपल्या, सुकं तोरण इथेच राहू द्या. सायकलची चाकं आणि ट्रेकिंगचे बूट ब्रशने धुवा. पॅकिंगला पेंढा मुळीच नको. तपासणीचे पैसे वेळेनुसार लागतात, म्हणून ‘किचन मिसलेनियस’ असं न लिहिता प्रत्येक खोक्याची यादी इंग्रजीत, नीट करा.

निघतानाचा एक नियम फारसं कोणी सांगत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखित पोथीला ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पणजीच्या देवघरातले टाक किंवा समई जुनी दिसत असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी घ्या. पणजोबांची पोथी खरोखर तेवढी जुनी असेल तर भावाकडे ठेवणं बरं.

विमा

‘ऑल रिस्क’ घ्या. पण खोकी स्वतः भरलीत तर फुटतुटीचा दावा बहुतेक विमा कंपन्या मान्य करत नाहीत, म्हणून काचेचं तरी मूव्हरला भरू द्या. विम्यात ‘जनरल अॅव्हरेज’, म्हणजे जहाज वाचवण्याचा खर्च सगळ्या मालवाल्यांत वाटला जातो तो, आहे ना, हेही बघा. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात अडकलं, तेव्हा जहाज सोडवण्याच्या खर्चातला वाटा त्यावरच्या मालाच्या मालकांवरही आला. खोकं तुमचं शाबूत असलं तरी.

माझा कौल

या चौघांसाठी: जादा बॅगा जमतील तेवढ्या, बोटीने दोन-तीन सीबीएम (पुस्तकं, पितळ, सागवानी देव्हारा), बाकी विकून किंवा वाटून मोकळं व्हा. पूर्ण कंटेनर तेव्हाच, जेव्हा मेलबर्नला स्वतःचं घर ठरलेलं आहे आणि फर्निचर खरोखर सागवानी आहे. घर ठरलं नसेल आणि मन मात्र सामानात अडकलं असेल, तर वर्षभर ते सासरी किंवा माहेरी ठेवा. मागवायचंच झालं तर आल्यावर नेमकं किती दिवसांत सामान यायला हवं हे कस्टम्स एजंटला विचारून मगच ठेवा.