साउथ फिलीतला कोपऱ्यावरचा बार : एनएफएलचे नवे नियम समजून घ्यायचे असतील तर इथे जा

फिलाडेल्फियात एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगची, मॅच बघायला कुठे जायचं हे ग्रुपवर दर सप्टेंबरला कोणीतरी विचारतंच, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहिते. साउथ फिलीत ब्रॉड स्ट्रीटपासून थोडं आत, रो हाउसेसच्या ओळीच्या टोकाला एक जुना बार आहे. नाव इथे टाकत नाहीये, कारण जागा एवढीशी आहे आणि ईगल्सच्या, म्हणजे इथल्या टीमच्या, मॅचला आत्ताच पाय ठेवायला जागा नसते, पण ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मेसेज करा, पत्ता पाठवते. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

सगळ्यात मोठा प्लस पॉइंट म्हणजे इथे टीव्हीचा आवाज चालू असतो. ऐकायला साधी गोष्ट वाटेल, पण मॉलजवळच्या मोठ्या स्पोर्ट्स बारमध्ये भिंतभर स्क्रीन असतात आणि वर गाणी लावलेली, रेफरी माइकवर काय सांगतोय ते कळतच नाही, आणि गेल्या दोन-तीन सीझनमध्ये लीगने इतके नियम बदललेत की ते ऐकलंच नाही तर बॉल अचानक ३५ यार्डवर का ठेवला, हा फ्लॅग (फाउलची खूण) कशाचा, काही पत्ता लागत नाही. इथे रेफरीने माइकचं बटण दाबलं की अख्खा बार गप्प होतो आणि त्याचं बोलून झालं की अख्खा बार एकदम त्याच्याशी भांडायला लागतो. आणि नुसता आरडाओरडा नसतो हो, हे लोक नियम वाचून आलेले असतात.

किकऑफचंच घ्या, म्हणजे मॅच सुरू करताना किंवा पॉइंट झाल्यावर बॉल समोरच्यांकडे लाथेने मारतात ते. २०२४ मध्ये लीगने किकऑफ पार उलटापालटा केला, आयडिया एक्सएफएल नावाच्या दुसऱ्या लीगकडून उचललेली. आता किक मारणारा एकटा आपल्या ३५ यार्डच्या रेषेवर उभा राहतो, त्याचे बाकीचे दहा जण थेट समोरच्या टीमच्या ४० यार्डवर, समोरचे बहुतेक ३५ वर, मधे जेमतेम पाच यार्ड, आणि बॉल जमिनीला किंवा घेणाऱ्याच्या हाताला लागेपर्यंत यांच्यापैकी कोणी हलायचं नाही. आपल्याला हे समजायला खो-खो आठवा, पाटीवर बसलेला कितीही फुरफुरला तरी खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, अगदी तसंच. आधी काय व्हायचं की पूर्ण वेगात धावत आलेली माणसं एकमेकांवर आदळायची आणि डोक्याला मार लागायचा, म्हणून लीगने वर्षानुवर्षं नियम असे वाकवत नेले की शेवटी किकऑफ म्हणजे जाहिरातींच्या मधली रिकामी जागा होऊन बसली. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये (लीगची फायनल) १३ किकऑफ झाले आणि १३ च्या १३ टचबॅक, म्हणजे बॉल एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) जाऊन तिथेच थांबला आणि खेळ ठरलेल्या यार्डवरून सुरू, एकही बॉल कोणी परत पळवला नाही!

नवीन नियमावर ईगल्सची पहिली मॅच ब्राझीलमध्ये होती, साओ पावलोला, शुक्रवारी रात्री पॅकर्स टीमबरोबर. त्या रात्री बारमध्ये पहिल्या किकला लोक अक्षरशः ओरडले, हे काय फुटबॉल आहे का, हा तर सराव वाटतोय वगैरे, आणि त्या पूर्ण सीझनमध्ये तक्रार चालूच होती कारण टचबॅकला ३० यार्ड मिळत होते आणि बरेच कोच तेवढं देऊन मोकळे व्हायचे. मग २०२५ ला लीगने टचबॅक ३५ वर नेला. आता एवढी जमीन फुकट कोण देणार, त्यामुळे किक मुद्दाम एंड झोनच्या अलीकडे, २० यार्डच्या आत पाडायला लागले आणि बहुतेक बॉल पळवले जायला लागले. बारमधलं वातावरण बदललेलं मी स्वतः पाहिलंय, आधी किकऑफ आला की लोक टॉयलेटकडे निघायचे, आता बॉल हवेत असतो तेव्हा हातातला ग्लास तसाच धरून सगळे थांबतात, बॉल टप्पा खातो आणि एकदम वीस माणसं जागची सुटतात तसा आवाजही सुटतो. मला हा नियम मनापासून आवडतो.

पण काउंटरच्या टोकाला नेहमी बसणारे एक आजोबा आहेत, त्यांना तो अजून पटलेला नाही, आणि त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे. २०२५ सीझनच्या नियमात ऑनसाइड किक, म्हणजे छोटी किक मारून बॉल आपणच परत मिळवायचा डाव, फक्त स्कोअरमध्ये मागे असलेल्या टीमलाच खेळता यायचा आणि तोही आधी सांगून. आजोबा म्हणतात मग ३ सप्टेंबर २००० चं काय? त्या दिवशी डॅलसजवळ भयंकर उकाड्यात ईगल्सचा तेव्हाचा कोच अँडी रीडने सीझनची पहिलीच किक ऑनसाइड मारायला लावली, बॉल ईगल्सनेच मिळवला, त्यांचा ड्यूस स्टेली बॉल घेऊन २०१ यार्ड पळाला आणि डॅलसच्या काउबॉइजना ४१-१४ ने धुतलं. इथल्या माणसासाठी तो दिवस म्हणजे सणच. आणि तो डाव या नियमात खेळताच येणार नाही, कारण ०-० असताना कोणीच मागे नसतं. सेफ्टीसाठी किकऑफ बदलला ते ठीक, पण समोरच्याला फसवायची मुभा का काढून घेतली, हा त्यांचा प्रश्न, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. मला त्यांचं म्हणणं बरोबरच वाटतं.

आता टश पुश. फिलीत याला ब्रदरली शव्ह म्हणतात. एक यार्ड हवा असला की ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स स्नॅप (मधल्या खेळाडूने मागे दिलेला बॉल) घेऊन पुढे घुसतो आणि मागून दोघं-तिघं त्याला ढकलतात. या बारमध्ये मेनूच्या फळ्याशेजारी एक छोटा फळा आहे, त्यावर सीझनभर खडूने रेघा मारतात, यार्ड मिळाला तर हिरवी, नाही मिळाला तर पांढरी. दर वेळी रेघ मारायचा मान वेगळ्या माणसाला, पण लहान मूल असेल तर पहिला नंबर त्याचा. ईगल्सने जिंकलेल्या फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमधल्या पहिल्या टचडाउनची (बॉल एंड झोनमध्ये नेऊन मिळवलेल्या गुणांची) हिरवी रेघ अजून कोपऱ्यात तशीच ठेवलीये, पुसायची कोणाची हिंमत नाही.

पॅकर्सने २०२५ मध्ये हा डाव बंद करायचा प्रस्ताव आणला. बाद करायला ३२ टीम्सपैकी २४ मतं लागतात, मे महिन्यात मिनेसोटातल्या टीम-मालकांच्या मीटिंगमध्ये पडली २२. बुधवार, भर दुपार, तरी बार भरला होता आणि बातमी आली तेव्हा जो जल्लोष झाला तो प्लेऑफ जिंकल्यासारखा. लोकांचा राग कशाचा होता ते इथे बसल्यावर नीट कळतं. ढकलायला सगळ्यांनाच परवानगी आहे, इतर टीम्सनी करून बघितलं, त्यांना तितकं जमलं नाही, मग ज्यांना जमतं त्यांचाच डाव का बंद करायचा? अडवून दाखवा ना. माझंही हेच मत आहे, आणि मी ईगल्सची फॅन नसते तरी असतं.

तरी या बारला मी जास्त मार्क देते ते यासाठी की इथे आपल्या टीमचंही चुकलं तर बोलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅन्सस सिटीला चीफ्सला २०-१७ हरवलं, त्या मॅचमधल्या टश पुशचा रिप्ले आला तेव्हा स्पष्ट दिसत होतं की स्नॅपच्या आधीच ईगल्सचे गार्ड (पुढच्या फळीतले खेळाडू) पुढे सरकलेत. फॉल्स स्टार्टच, म्हणजे वेळेआधी हलल्याचा फाउल, पण फ्लॅग आला नाही. बारमध्ये क्षणभर कोणी बोललं नाही, मग काउंटरवरच्या बाईच म्हणाल्या, हे द्यायला हवं होतं. अर्ध्या लोकांनी मान हलवली, अर्ध्यांनी त्यांच्याशी वाद घातला, मॅच संपून तास झाला तरी तोच विषय. डाव ठेवा पण फॉल्स स्टार्ट काटेकोर द्या, एवढ्यावर शेवटी बऱ्याच जणांचं एकमत झालं. नंतर रेफरी खरंच बारकाईने बघायला लागले, आणि थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी बेअर्सने तर याच डावात हर्ट्सच्या हातातून बॉल काढून घेतला. त्या दिवशी पांढरी रेघ मारायला कोणी पुढे येईना, शेवटी बाईंनीच मारली.

ओव्हरटाइमच्या नियमाबद्दल इथे अभिमानाने बोलतात. बिल्स-चीफ्सच्या जानेवारी २०२२ च्या मॅचमध्ये बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनच्या हातात ओव्हरटाइमला बॉलच आला नाही, त्यावर इतका आरडाओरडा झाला की प्लेऑफमध्ये दोन्ही टीम्सना संधी द्यायचं ठरलं, आणि २०२५ पासून नेहमीच्या मॅचमध्येही तेच झालं, तो प्रस्ताव ईगल्सनेच मांडलेला. हिप-ड्रॉप टॅकलवर (पळणाऱ्याला धरून त्याच्या पायांवर अंग टाकायचं) बंदी आली तेव्हा मात्र सगळ्यांना वाटलं होतं आता प्रत्येक टॅकलला फ्लॅग येणार, तसं काही झालं नाही, त्यावर आता फारसं कोणी बोलत नाही.

खाण्याचं सांगते. रोस्ट पोर्क सँडविच, वर ब्रॉकोली राब (कडसर पालेभाजी) आणि शार्प प्रोव्होलोन चीज, हे मागवाच, चीजस्टेकपेक्षा सरस आहे. व्हेज लोकांसाठी टोमॅटो पाय, जाड ब्रेडवर गारच मिळणारा आंबटगोड टोमॅटो, चीजही नाही, चतुर्थीला जाणार असाल तर मात्र घरूनच जेवून जा. सॉफ्ट प्रेट्झेल ताजे असतात. नुसतं लागर म्हटलं तर यिंगलिंग बिअर येते. विंग्स नका घेऊ, कोरड्या असतात आणि सॉस वरून ओतल्यासारखा, अर्धा मार्क त्याचाच कापलाय. हाफटाइमला ऑर्डर द्याल तर तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी मिळेल, त्यामुळे दुसऱ्या क्वार्टरमध्येच सांगून ठेवा.

एक्स्टन, किंग ऑफ प्रशियाकडून येणाऱ्यांनी गाडी साउथ फिलीत घालूच नका. होम गेम असला की ब्रॉड स्ट्रीटच्या मधल्या पट्ट्यातसुद्धा गाड्या लावलेल्या असतात. सेंटर सिटीपर्यंत ट्रेनने या आणि तिथून ब्रॉड स्ट्रीट लाइन (सबवे) पकडा. एकच्या मॅचला साडेअकराला पोचलात तर बसायला मिळेल. मुलांना आणलं तर चालतं, फळ्याजवळचं टेबल मागा, आणि काउबॉइजची जर्सी घालून कोणाला आणू नका.