साधी नळी की कोटिंगची?

मणक्याला मार बसल्यापासून दिवसातून पाचदा लघवीची नळी मीच घालतो. घरी साधी नळी आणि लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारी जेली. स्वस्त पडते, पण जेली आत सोडून पाचेक मिनिटं थांबावंच लागतं; घाई केली की आग होते.

कोटिंगची नळी पाण्याने बुळबुळीत होते, अर्ध्या मिनिटात तयार. महाग आहे, तरी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला जाताना तीच नेतो. हलत्या डब्यात जेलीचे हात कुठे पुसणार?

नळी कुठलीही असो, आत अडली तर जोर लावू नका. थांबा, दीर्घ श्वास सोडा, मग हळूच सरकवा. इजा छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर सरळ बसा आणि लगेच डॉक्टर गाठा.