शिक्के मारलेली पहिली आवृत्ती की वेष्टनासकट देखणी प्रत?

सांगलीत जुन्या पुस्तकांच्या नादाला लागलं की 1950-60च्या सुमाराच्या कादंबऱ्या दोन अवतारांत समोर येतात. एक वाचनालयातून बाद झालेली: जाड पुठ्ठ्याची बांधणी, वेष्टन गायब, जागोजागी शिक्के, पण आत ‘प्रथमावृत्ती’ छापलेलं. दुसरी कुणाच्या तरी कपाटातली: वेष्टनासकट, टवटवीत, आत नुसतं कॉपीराइटचं साल. विकणारा दुसरीचेच जास्त पैसे सांगणार.

आणि फसगतही तिथेच होते. कॉपीराइटचं साल पुनर्मुद्रणातही तेच राहतं. त्यापेक्षा प्रकाशकाचा पत्ता बघा. ‘पुणे 411030’ असेल तर छपाई 15 ऑगस्ट 1972 नंतरची, कारण पिनकोडच तेव्हा आला. (नुसत्या ‘पुणे 30’वरून काही ठरत नाही, तसं लिहायची सवय नंतरही टिकली.) आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, तोही नंतरचाच) दिसला तर विषयच संपला. किंमत ‘नये पैसे’मध्ये असेल तर मात्र आशा धरावी, तो शब्द 1957 ते 1964 एवढाच चलनात होता.

वेष्टनावरचे पुरस्कारही वाचा. आपल्या सांगलीत जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ 1959ची, ज्ञानपीठ 1974चं. वेष्टनावर ज्ञानपीठ असेल तर वेष्टन नंतरचं. फक्त वेष्टन हं! आतलं पुस्तक जुनं असू शकतं, आणि उलटही. वेष्टन काय, कुणीही कुणावरही चढवावं.

वाचनालयाच्या प्रतीला लोक उगीच नाकं मुरडतात. दाखल क्रमांकाशेजारी तारीख असेल तर प्रत त्याआधीच छापलेली, याहून भक्कम पुरावा कुठला? मात्र पुन्हा बांधताना समास कापले जातात, आणि कधी एका प्रतीची सुरुवातीची पानं दुसरीला चिकटवलेली असतात. ‘प्रथमावृत्ती’चं पान फर्म्याबरोबर (घडी घालून शिवलेल्या पानांच्या जुडीबरोबर) शिवलंय की डिंकाने लावलंय, हे उघडून बघा. कागदाचा रंगही ताडून बघा. ‘बाद’चा शिक्का नसेल तर प्रत बाहेर कशी आली, हे विचारायला लाजू नका.

नुसतं वाचायचं असेल तर दुसरी घ्या, तीही साध्या जुन्या पुस्तकाच्या भावात. संग्रहासाठी मी शिक्केवालीच उचलेन. अपवाद एकच: 2005 किंवा 2019च्या पुरात भिजलेली. पानांच्या कडेला मातकट रेघ आणि कुबट वास असेल तर पहिली आवृत्ती असली तरी घरात नको. तिची बुरशी शेजारच्या पुस्तकांना लागते.