यंत्रावरचे ६२ आणि आमचे ३३,५०० रुपये

माझ्या सात वर्षांच्या मुलाला बालदमा आहे आणि ऐरोलीतल्या आमच्याच सोसायटीच्या सभागृहात भरलेल्या ‘दमामुक्ती शिबिरा’त मी, चांगली शिकलेली बाई, ३३,५०० रुपये घालवून बसले. दोन तपासण्यांचे ३,०००, पुड्यांच्या पहिल्या कोर्सचे १८,५०० आणि दुसऱ्याचे १२,०००; सगळे रोख. असे रोख कोणालाही देऊ नका.

मुलाला नळीत फुंकायला लावून ‘श्वासनलिकेची सूज ६२’ असे सांगितले आणि पंपातले स्टिरॉइड हाडे पोखरते म्हणून पंप बंद करायला लावला. पाठोपाठ शेजारच्या मुलीचेही ६२ आले, आणि मी चक्क हसले. तिथेच उठायला हवे होते. ही सूज मोजणाऱ्या, उच्छ्वासातील नायट्रिक ऑक्साइडच्या खऱ्या तपासणीत लहान मुलाला सहाएक सेकंद एकसारखा, संथ श्वास सोडावा लागतो. याने फुगा फुगवावा तशी एकच फुंकर मारली होती. आकड्यापुढे पीपीबी (अब्जातले किती भाग) हे एककही नव्हते. त्याहून लाजिरवाणे म्हणजे दोनच महिन्यांपूर्वीचा १७ पीपीबीचा अहवाल घरच्या फायलीत होता. मुलांमध्ये २० च्या खालचा आकडा कमी आणि ३५ च्या वरचा जास्त धरतात. आमचा कमी होता तो पंपामुळेच. पण त्या तपासणीला मुलाचे बाबा गेले होते, आणि ‘पंपाची सवय लागते’ हे सासूबाईंकडून रोज ऐकणारी, रात्र रात्र घरघर मोजणारी आई फायली उघडत बसत नाही.

महिन्याने त्यांच्या यंत्रावर २१ आले, म्हणून दुसरा कोर्स घेतला. तीन आठवड्यांत एका पहाटे मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या आणि रुग्णालय गाठावे लागले. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट श्वासनलिकेत पोहोचते, हे तिथल्या डॉक्टरांनी समजावले. त्यांना विचारल्याशिवाय पंप सोडू नका.

पोलीस चौकीत दोन तास बसवून ‘पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत’ असे ऐकवले. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयात विचारले की, पुडीवर लेबल नाही, बॅच क्रमांक नाही, मग नमुना कशाचा म्हणून घ्यायचा? लेबल असते तर मी तिथे कशाला गेले असते! दमा बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, त्याखालच्या नियमांच्या अनुसूचीत दम्याचे नाव आहे. शिबिराच्या फलकाचा फोटो मी अर्जाला जोडला, तर तो रंगीत नको, काळा-पांढरा हवा म्हणून परत केला. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर होते. सभागृहाचे भाडे घेणारी सोसायटीची कमिटी म्हणते, आमचा काय संबंध?

उरलेल्या ११ पुड्या मी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत; त्या तपासायला अजून कोणी मागितलेल्या नाहीत.