चार चौकटींचा कागद: वॉर्डातल्या नैतिक पेचांसाठी कितपत कामाचा?

नैतिक निर्णयांसाठी नर्सिंगमध्ये तयार साधनं बरीच आहेत. आचारसंहिता आहेत, तक्ते आहेत, आद्याक्षरं जुळवून केलेली सूत्रं आहेत. त्यातलं चालू ड्युटीत हातात धरता येईल असं एकच निवडायचं झालं, तर निवड चार चौकटींच्या कागदाची. मात्र तो मिळतो तसाच वापरला तर अर्धाच उपयोगी पडतो. उरलेला अर्धा भाग इन्चार्ज सिस्टरला स्वतः जोडावा लागतो.

ही पद्धत अल्बर्ट जॉन्सन, मार्क सिगलर आणि विल्यम विन्स्लेड यांनी १९८२ मध्ये मांडली. साधन म्हणजे एक कोरा कागद आणि त्यावर अधिकचं चिन्ह. वर डावीकडे आजार आणि उपचारांची वैद्यकीय बाजू, वर उजवीकडे रुग्णाची इच्छा, खाली डावीकडे जगण्याचा दर्जा आणि खाली उजवीकडे भोवतालची परिस्थिती: घरचे, पैसा, कायदा, धर्म, मनुष्यबळ, संस्थेचे नियम. भरायला वीस ते तीस मिनिटं लागतात. भरताना रुग्णाजवळ रोज असणारी सिस्टर आणि उपचार करणारे डॉक्टर, दोघंही हवेत. एकट्याने भरलेला कागद बहुतेक वेळा एकाच बाजूचा होतो.

रुग्णाचं स्वातंत्र्य, भलं करणं, इजा टाळणं आणि न्याय ही चार तत्त्वं परीक्षेसाठी सगळ्यांनी पाठ केलेली असतात. रुग्णाच्या पलंगाजवळ मात्र चारही खरी वाटतात आणि एकमेकांना आडवी येतात. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता १९५३ पासून आहे, तिची २०२१ ची आवृत्ती नीट वाचण्यासारखी आहे. नर्सचं कर्तव्य काय, हे ती स्पष्ट सांगते आणि चुकीच्या आदेशाला नकार देताना पायाखाली जमीन देते. दोन कर्तव्यांची टक्कर झाली की आधी कोणतं, हे ती सांगत नाही. चौकटींचा कागद तत्त्वांपासून सुरुवातच करत नाही. तो आधी माहिती विचारतो, आणि वॉर्डातले बरेचसे वाद तत्त्वांचे नसून अपुऱ्या माहितीचे असतात.

एक नेहमीचा प्रसंग घेऊन पाहा. स्मृतिभ्रंश खूप पुढे गेलेली वृद्ध रुग्ण नाकातली फीडिंगची नळी वारंवार ओढून काढते. मुलगा म्हणतो, हात बांधा. रात्री एका सिस्टरकडे बरेच रुग्ण असतात, त्यामुळे तिलाही तेच सोयीचं वाटतं. दुसरी सिस्टर म्हणते, बांधणं क्रूर आहे. इथून पुढे नुसतं ‘योग्य-अयोग्य’ चाललं तर बैठक भांडणावर संपते.

पहिली चौकट भरायला घ्या. नळी कशासाठी घातली? गिळता येत नाही म्हणून, की भरवायला वेळ लागतो म्हणून? गिळण्याची तपासणी झाली आहे का, कोणी केली, कधी? स्मृतिभ्रंशाच्या या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढत नाही आणि श्वसनमार्गात अन्न जाऊन होणारा न्यूमोनियाही टळत नाही. म्हणूनच अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ही वृद्धांच्या उपचारांतल्या तज्ज्ञांची संघटना अशा रुग्णांना हाताने, सावकाश भरवण्याची शिफारस करते. पुढचा प्रश्न, ती नळी का ओढते? लघवी तुंबली आहे, शौचाला झालेलं नाही, दुखतंय, ऑक्सिजन कमी झालाय, नव्या औषधाने भ्रम झालाय, की चिकटपट्टीखालची त्वचा सोलली आहे? बांधून ठेवल्याचे धोकेही याच चौकटीत मांडायचे: भ्रम वाढणं, मनगटाची त्वचा आणि नसा दुखावणं, दाबाच्या जखमा, पाठीवर पडून उलटी झाल्यास गुदमरणं. एवढं लिहिलं की ‘बांधायचं की नाही’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘नळी हवीच का’ हा खरा प्रश्न पुढे येतो. या कागदाची सगळ्यात मोठी ताकद हीच. म्हणून क्रम मोडू नका, पहिली चौकट रिकामी ठेवून तिसरीवर उडी मारू नका.

सगळ्यात जास्त चुका दुसऱ्या चौकटीत होतात. तिथे रुग्णाची इच्छा लिहायची असते आणि लिहिलं जातं ‘मुलगा म्हणतो’. त्यावर उपाय सोपा आहे. या चौकटीत प्रत्येक ओळीपुढे ‘हे कोणाकडून कळलं’ असा छोटा रकाना आखा. मुलाचं स्वतःचं मत चौथ्या चौकटीत जातं. आई पूर्वी काय म्हणाली होती, हे तो सांगत असेल, तरच ते दुसऱ्या चौकटीत येतं. रुग्णाची निर्णयक्षमता तपासायला ॲपलबॉम आणि ग्रिसो यांचे चार निकष वापरा: सांगितलेलं समजतं का, ते आपल्याला लागू आहे हे उमगतं का, पर्यायांची तुलना करता येते का, निवड सांगता येते का. क्षमता सरसकट नसते, ती त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती असते. पायावर शस्त्रक्रिया करायची का, हे ठरवता न येणाऱ्या बाईला ‘नळी नको’ हे ठामपणे सांगता येऊ शकतं. भ्रम असलेल्या रुग्णाला संध्याकाळी विचारून ‘क्षमता नाही’ असा शेरा मारणं हा अन्याय आहे. सकाळी विचारा, चष्मा आणि श्रवणयंत्र लावून, तिच्या भाषेत विचारा. हात झटकणं, तोंड घट्ट मिटणं हेही सांगणंच असतं. ते जसं दिसलं तसं, वेळेसह लिहा. ‘सहकार्य करत नाही’ या शब्दांतून कोणालाच काही कळत नाही.

तिसरी चौकट धोक्याची आहे. निरोगी माणूस पलंगावरच्या माणसाच्या जगण्याला सहसा त्या माणसापेक्षा कमी गुण देतो. त्यामुळे ‘असं जगण्यात काय अर्थ’ हे वाक्य तिथे लिहू देऊ नका. मोजता आणि पाहता येईल तेवढंच लिहा: वेदना दहापैकी किती, झोप किती तास, ओळखीचा आवाज आला की चेहरा बदलतो का.

चौथ्या चौकटीबद्दल तक्रार आहे. मूळ कागदात ती अडगळीची खोली होते. मनुष्यबळाची कमतरता आणि घरच्यांची श्रद्धा एकाच रांगेत बसतात, जणू दोन्ही सारख्याच अटळ आहेत. प्रत्यक्षात रात्री सिस्टर कमी असणं ही परिस्थिती नव्हे, तो कोणीतरी घेतलेला निर्णय आहे, आणि तो बदलता येतो. म्हणून या चौकटीचे दोन भाग करा: ‘आपल्या हातात नाही’ आणि ‘कोणाच्या तरी हातात आहे’. दुसऱ्या भागात त्या व्यक्तीचं पद लिहा. हात बांधण्याची निम्मी कारणं तिथे सापडतील.

आता कागदात मुळातच नसलेल्या गोष्टींकडे वळू. ही पद्धत वैद्यकीय निर्णयांसाठी बेतलेली आहे, त्यामुळे नर्सचं स्वतःचं ओझं नोंदवायला तिच्यात जागा नाही. योग्य काय ते कळतं, पण व्यवस्थेच्या अडथळ्यामुळे ते करता येत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नैतिक क्लेश असं नाव दिलं. प्रसंग संपला तरी त्याचा थोडा गाळ मागे उरतो आणि पुढच्या प्रसंगाला त्या वाढलेल्या पातळीपासून सुरुवात होते. मोजण्यासाठी २७ प्रश्नांची सविस्तर मापनपट्टी आहे. प्रत्येक प्रश्नाला वारंवारिता ० ते ४ आणि क्लेश ० ते ४ गुण द्यायचे, दोन्हींचा गुणाकार करायचा, एकूण कमाल ४३२. सहा महिन्यांतून एकदा सगळ्या विभागाची पाहणी करायला ती चांगली, पण ड्युटी संपवून घरी निघालेल्या सिस्टरच्या हातात ती देऊ नये. तिच्यासाठी ० ते १० ची साधी पट्टी कागदाच्या तळाशी आखा. आकडा नावाशिवाय घ्या. आणि एकदा विचारला की त्यावर काहीतरी करा. नुसते आकडे गोळा करणारी इन्चार्ज दुसऱ्या महिन्यापासून खरे आकडे गमावते.

दुसरी उणीव जास्त खटकणारी आहे. चारही चौकटी भरल्यावर निर्णय कुठे लिहायचा? कागद तिथेच थांबतो. मागच्या बाजूला पाच ओळी छापून घ्या: ठरलं काय, कारण काय, कोणाचं मत वेगळं होतं आणि का, कोण काय कधीपर्यंत करणार, पुन्हा कधी पाहायचं. वेगळ्या मताची ओळ कधीही गाळू नका, कारण ज्या सिस्टरचं मत बाजूला पडलं तिलाच बहुतेक वेळा तो निर्णय अमलात आणायचा असतो. फेरपाहणीचा दिवस आणि वेळ लिहा, ‘गरजेनुसार’ असं लिहू नका. वरच्या उदाहरणात असं ठरू शकतं: नळी काढून ४८ तास हाताने भरवून पाहायचं, प्रत्येक वेळी किती घेतलं आणि खोकला आला का ते नोंदवायचं, बांधायचं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी मुलासोबत बसून पुन्हा बोलायचं. निर्णय आणि कारण केसपेपरवर गेलंच पाहिजे. चर्चेचा कच्चा कागद कुठे ठेवायचा हे संस्थेच्या नियमाप्रमाणे आधीच ठरवा, कारण त्यात सहकाऱ्यांची मतं असतात.

कुठे वापरू नये, हेही सांगायला हवं. औषध चुकीचं दिलं गेलं, तर त्यात पेच नसतो. आधी रुग्णाला पाहा, डॉक्टरांना कळवा, लागेल तो उतारा द्या, नोंद करा आणि रुग्णाला खरं सांगा. ‘सांगावं का’ यावर चौकटी भरत बसणं म्हणजे उत्तर ठाऊक असताना धीर गोळा करायला वेळ काढणं. सहकारी नशेत ड्युटीवर आला, संमतीपत्रावर रुग्णाला न समजावता अंगठा घेतला, न मोजलेला रक्तदाब चार्टवर लिहिला, यांतही उत्तर एकच आहे. अशा वेळी इन्चार्जने कागद काढला, तर समजावं की ती निर्णय टाळते आहे. बोलणाऱ्या सिस्टरच्या पाठीशी उभं राहणं हे तिथलं नेतृत्वाचं काम आहे, आणि त्यासाठी कुठलाही छापील नमुना नाही.

छापताना ए-थ्री आकार घ्या, ए-फोरवर दुसरी चौकट हमखास अपुरी पडते. पेन्सिलीने भरा, माहिती बदलत जाते. रात्रपाळीसाठी वरच्या कोपऱ्यात एक ओळ राखून ठेवा: निर्णय थांबवण्याचा अधिकार असलेल्या, फोन उचलणाऱ्या व्यक्तीचा नंबर. ती ओळ रिकामी असेल, तर रात्रीच्या सिस्टरच्या हातात हा कागद देऊ नका.